बटरनट आणि बावीस मिनिटांची प्रार्थना

आजी नापास झाली आणि सोमवारी सकाळी दहा वाजता तिला वृद्धाश्रमात, खोली नंबर चौदामध्ये पोचवण्यात आलं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही झालेलंच नाही. आजी अजून तिच्याच घरात आहे, अंगणातल्या जर्दाळूच्या झाडावर खेकसते आहे, आणि ओट्यावर तिचा नवाकोरा एअर फ्रायर आहे. आपण शांतपणे पुढे जाऊ.

एअर फ्रायर बाबांनी तिला एक्याऐंशीव्या वाढदिवसाला दिला. त्याच्या आदल्या महिन्यात आजी ओव्हनमध्ये मेंढीची तंगडी ठेवून एका दफनविधीला गेली, आणि नंतरच्या चहाबरोबर केक चांगला होता म्हणून दोन तास तिथेच बसली. तंगडीचा कोळसा झाला. घराला काही झालं नाही. पण आमच्या क्लिपडाल गावात धूर कुणाच्या घरातून निघाला हे सगळ्यांना धूर निघायच्या आधीच कळतं. त्या रविवारी चर्चच्या दारात अकरा जणांनी बाबांना विचारलं, "गिडियन, आई बरी आहे ना?" बाबा चर्चच्या पंचमंडळाचे अध्यक्ष. अकरा जणांनी आईची चौकशी करणं म्हणजे त्यांच्या हिशेबी अविश्वासाचा ठराव.

वाढदिवसाच्या दिवशी त्यांनी एका हाताने एअर फ्रायर आत आणला आणि दोन माणसांकरवी ओव्हन बाहेर नेला.

"आईने आता आईचा स्वयंपाक ह्यात करायचा," बाबा म्हणाले. "आपोआप बंद होतो."

आमच्याकडे वडीलधाऱ्यांना 'तू' म्हणत नाहीत. आईशी बोलताना 'आईने आईच्या गोळ्या घेतल्या का' असं विचारायचं. ऐकायला फार आदबशीर वाटतं. शिवाय त्यामुळे माणसाच्या समोर बसून माणसाबद्दल बोलायची आम्हाला लहानपणापासून सवय होते, ती पुढे उपयोगी पडते.

आजीने एअर फ्रायरभोवती एक फेरी मारली. "कचऱ्याचा डबा छान आहे. झाकण कुठंय?"

मग खोली चौदा रिकामी झाली. तिथल्या बोत्मा काकू वारल्या. वृद्धाश्रमाचा नियम असा, की सोमवार दुपारपर्यंत माणूस आलं नाही तर खोली यादीतल्या पुढच्या नंबराला. पुढचा नंबर दंतवैद्याच्या सासूचा होता आणि ती, बाबांच्या शब्दांत, 'अजून टेनिस खेळते, तिला कसली घाई'.

बुधवारी आजीच्या बैठकीच्या खोलीत कुटुंबाची सभा झाली. हजर: बाबा, आई, ब्लुमफॉन्टेनहून आलेली एल्सबे आत्या, स्वतः आजी, आणि इतिवृत्त लिहायला मी. मी तेवीस वर्षांची, माझ्याकडे लॅपटॉप आहे आणि नोकरी नाही, म्हणजे सेक्रेटरीला लागणारं सगळं आहे. आमच्या घरात कुत्रं पाळायचं की नाही हेसुद्धा ठराव करून ठरतं. सभेच्या सुरुवातीला बाबांनी प्रार्थना केली: "प्रभू, धन्यवाद, मार्ग दाखव, आमेन." सात सेकंद. बाबांची प्रार्थना नेहमी एवढीच. गावात त्यांची त्यासाठी ख्याती आहे.

"एक तंगडी जळली म्हणून आईला घराबाहेर काढायचं?" आत्या म्हणाली.

"आज तंगडी, उद्या गल्ली."

"मग ठेव ना तुझ्याकडे."

मी 'प्रश्न प्रलंबित' असं लिहिलं. आईने आपल्या ब्लाउजची बटणं मोजली. चार होती.

"तू ठेव," बाबा म्हणाले.

"माझा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे."

"लिफ्ट आहे ना?"

"लिफ्ट लहान आहे, गिडियन."

"आई पण लहान आहे."

आजी मध्येच म्हणाली, "चहा गार होतोय." ते इतिवृत्तात घेतलं नाही, कारण विषयपत्रिकेवर नव्हतं.

शेवटी बाबांनी ठराव मांडला. येत्या रविवारच्या जेवणाला आजीने एअर फ्रायरमध्ये बटरनट, म्हणजे तो लांब मानेचा गोड भोपळा, करावं, कुणाच्याही मदतीशिवाय. नीट झालं तर ती घरी राहील आणि हा विषय पुन्हा निघणार नाही. बिघडलं तर खोली चौदा. बटरनटच का, हे कुणी विचारलं नाही. ज्या रविवारी ताटात दालचिनी-साखरेचं बटरनट नसेल तो आमच्याकडे रविवार धरत नाहीत. आजोबांनी आजीचं बटरनट बावन्न वर्षं एक शब्द न बोलता खाल्लं, आणि आमच्या फ्री स्टेट प्रांतात नवऱ्याकडून याहून मोठी स्तुती मिळत नाही.

"अनुमोदन?" बाबांनी विचारलं.

आत्या तोंड फिरवून बसली. आईने बाबांशी सकाळीच दुसऱ्या कशावरून तरी अबोला धरला होता. सेक्रेटरीला मत नसतं. ठराव टेबलावर तसाच पडून राहिला. अर्धं मिनिट गेलं. आजी खुर्चीत चुळबुळायला लागली. तीस वर्षं ती महिला मंडळाची चिटणीस होती. बिनअनुमोदनाचा ठराव पाहिला की तिला भरल्या घरात कुणी उपाशी बसल्यासारखं वाटतं.

"बरं, मी देते अनुमोदन," ती म्हणाली.

एकमताने मंजूर.

गुरुवार ते शनिवार आजीने पाच बटरनटं केली. मी रोज जात होते. त्या घरात पुढेमागे मी राहावं, असं आई दोनदा सहज म्हणाली होती, आणि मीही ते सहजच ऐकून ठेवलं होतं. पहिलं बटरनट कच्चं राहिलं, दुसरं सुकलं. तिसऱ्यापासून आजीला यंत्र कळलं. मान वेगळी, पोट वेगळं कापायचं, पोटातल्या बिया चमच्याने खरवडायच्या, सुपारीहून थोडे मोठे तुकडे करायचे, तेल-मीठ चोळून दोनशेवर ठेवायचे आणि मध्ये एकदा टोपली हलवायची. मऊ झाले की पत्र्याच्या छोट्या ताटलीत काढून वरून लोणी, ब्राऊन शुगर, दालचिनी, आणि पुन्हा आत.

"किती वेळ?" मी विचारलं.

"साखर हसायला लागली की काढायचं. तीन मिनिटं, चार मिनिटं."

पण टायमर तिने तीसवर फिरवला.

"मग आजीने चारच लावावीत ना."

"घड्याळाला नाक आहे का? भरपूर वेळ द्यायचा आणि वासावर काढायचं. तुझे आजोबा जन्मले तेव्हा त्यांच्या आईने घड्याळच बघितलं असणार, म्हणून जरा करपट होते."

पाचवं बटरनट इतकं सुंदर झालं, की मी ओट्याशी उभ्यानेच अर्धं संपवलं. परतताना बाबांना सांगितलं, "आजी पास होणार."

"असं?" बाबा म्हणाले, आणि बराच वेळ गाडीच्या टपावरचा पक्ष्याचा डाग पुसत राहिले.

रविवारी चर्चमधून आम्ही थेट आजीकडे. भात, मटण, हिरव्या शेंगा आईने घरून करून आणल्या होत्या. खिडक्यांची मापं घ्यायची टेपही आणली होती, असंच. आजीने चर्चची टोपी न काढताच एप्रन बांधला. तुकडे सकाळीच कापून ठेवलेले. कुणी मदत केली नाही, मी तसं नोंदवलं. पहिला टप्पा निर्विघ्न पार पडला. बारा अडतीसला लोणी, साखर, दालचिनी घालून ताटली आत गेली आणि टायमर तीसवर फिरला.

"चला, बसा," बाबा म्हणाले.

"चार मिनिटं थांब, गिडियन. हे झालं की बसू."

"मटण गार होतंय. प्रार्थना करून घेऊ. का आईला देवापेक्षा भोपळा मोठा आहे?"

आजी बसली. बाबांची प्रार्थना सात सेकंदांची हे तिलाही माहीत होतं. आम्ही टेबलाभोवती हात धरले. आजीचा डावा हात बाबांच्या हातात, उजवा माझ्या. डोळे मिटले.

"प्रभू, धन्यवाद," बाबा म्हणाले. मग त्यांनी श्वास घेतला. "धन्यवाद, की तू आम्हाला हा दिवस दाखवलास. आणि कालचा. आणि परवाचा."

त्यांनी गावातल्या आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, नावं घेऊन, दुखणी सांगून. मका पेरलेल्यांसाठी केली, मग सूर्यफूल पेरलेल्यांसाठी वेगळी केली. नगरपालिकेच्या पाण्याच्या पंपासाठी केली. रग्बी संघातल्या एका खेळाडूच्या गुडघ्यासाठी केली, आधी उजव्या, मग, "प्रभू, तुला तर ठाऊकच आहे," डाव्या.

वास आला. आधी लोण्याचा, मग दालचिनीचा, मग हसणाऱ्या साखरेचा. आजीची बोटं माझ्या हातात ताठ झाली. तिने हात दाबला. मीही दाबला, प्रेमाने. तिने पुन्हा दाबला, जोरात. मी डोळे किलकिले केले. तिचा दुसरा हात बाबांच्या मुठीतून सुटायला बघत होता आणि बाबांच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती. बाबांचे डोळे सताड उघडे होते. ते ओट्याकडे बघत होते.

"आणि दूरदेशी गेलेल्या मिशनऱ्यांसाठी," ते म्हणाले, "आपण आता देशवार जाऊ."

मी उठू शकले असते. चार पावलांवर तर होतं. पण प्रार्थनेतून आमच्या घरात कुणी कधी उठलेलं नाही. आजोबांना झटका आला तेव्हाही ते 'आमेन'पर्यंत थांबले होते. शिवाय सेक्रेटरीने तटस्थ असावं. शिवाय आजीच्या घराच्या मागच्या खोलीत सकाळचं ऊन फार छान येतं. मी डोळे पुन्हा मिटले.

बोट्स्वानाच्या आसपास साखर काळी झाली. मोझांबिकपाशी टायर जळल्यासारखा वास आला. मादागास्करला आत्या खोकली. मिटल्या डोळ्यांनी आजी रडत होती. ते मला दिसलं नाही, हातावर थेंब पडले म्हणून कळलं.

"आणि शेवटी, प्रभू, आमच्या आईची हरवत चाललेली स्मृती तुझ्या हाती. आमेन."

एक वाजला होता. बावीस मिनिटं.

आजी उठली. टोपली ओढली. ताटलीत छतावरच्या डांबरासारखं काहीतरी चकाकत होतं.

"मला वास येत होता," ती म्हणाली. "चौथ्या मिनिटाला. मी ओढत होते हात."

"आईला वास येत होता?" बाबांनी विचारलं.

"येत होता म्हणजे काय! अख्ख्या गल्लीला येत असेल."

"मग आई उठली का नाही?"

आजीने त्यांच्याकडे पाहिलं. "तू देवाशी बोलत होतास, बाळा."

बाबा माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज खरोखर हळवा झाला होता. "लिही. जळल्याचा वास येत असूनही अठरा मिनिटं उठली नाही."

मी लिहिलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

आत्याने एक तुकडा मोडून तोंडात टाकला, बराच वेळ चावला, आणि रुमालात काढला. "मी माझा विरोध मागे घेते," ती म्हणाली. "आईने वाईट वाटून घेऊ नये. तिथे लिफ्ट मोठी आहे."

आईने खिडकीचं माप घेतलं. मग आम्ही मटण खाल्लं. गार झालं होतं.

आता सुरुवातीचं वाक्य वाचायला हरकत नाही. खोली चौदामध्ये एक पलंग, एक खुर्ची आणि धूर ओळखणारं यंत्र आहे. मी आजीच्या घरात, मागच्या खोलीत राहते. शुक्रवारी भेटायला गेले तेव्हा आजीने दोन घड्या घातलेला कागद हातात दिला आणि म्हणाली, "तू सेक्रेटरी ना? टाइप करून दे. शब्द बदलू नकोस." मी टाइप करून बाबांच्या टेबलावर ठेवला आहे. एकही शब्द बदललेला नाही.

प्रति,
मा. अध्यक्ष, पंचमंडळ, क्लिपडाल चर्च.

विषय: प्रार्थना चालू असताना उठण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,
मी खाली सही करणार, आपल्या चर्चची एक्याऐंशी वर्षांची सभासद व आपली आई, अर्ज करते की जेवणापूर्वीची प्रार्थना एका मिनिटाहून लांबल्यास, विस्तवावर, ओव्हनमध्ये अथवा एअर फ्रायरमध्ये काही ठेवलेल्या व्यक्तीस डोळे उघडून उठण्याची, व शेजारी बसलेल्याने तिचा हात सोडण्याची, मुभा देणारा नियम मंडळाने करावा. सदर नियम गेल्या रविवारी दुपारी बारा वाजून बेचाळीस मिनिटांपासून लागू झाला असे समजण्यात यावे, आणि त्यानुसार मला माझ्या घरी परत पाठवण्यात यावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
सुसारा लाटेगन