मे महिन्यातल्या नाताळाची नवरी

आमच्या रोमानियात राजेशाही सत्तेचाळीस साली बंद झाली. आमच्या ब्राडेत गावात मात्र ती दर मे महिन्यात सुरू होते आणि जूनमध्ये, सामानाचे ट्रक घाट उतरून गेले की, शांतपणे संपते. इतक्या कमी रक्तपातात राज्यक्रांती दुसरीकडे कुठे होत असेल असं मला वाटत नाही.

गावाच्या डोक्यावर किल्ला आहे, हे त्याचं कारण. अमेरिकेत किल्ले नाहीत, पण किल्ल्यांचे सिनेमे लागतात भरपूर. नाताळच्या सुट्टीत पांघरूण घेऊन बघायचे; त्यांचं शूटिंग मे महिन्यात आमच्या किल्ल्यावर. गोष्ट ठरलेली. शिकागोच्या बेकरीत काम करणारी एक मुलगी वाट चुकून आमच्याकडे येते, राजपुत्राला धडकते, त्याच्या कोटावर गरम कोको सांडते. राजमाता नाक मुरडते. शेवटी बर्फ पडतं आणि लग्न होतं. राज्याचं नाव तेवढं बदलतं. गेल्या वर्षी आम्ही मोर्वाल्डिया होतो, यंदा सेल्डोनिया. झेंडा तोच, यंदा उलटा लावला होता.

बर्फ कागदाच्या लगद्याचं असतं. फुललेल्या झाडांवर पांढरी कापडं टाकतात. जंगलात कोकिळा ओरडली की ध्वनिवाला कानातलं यंत्र काढून आकाशाकडे बघतो, कारण नाताळात कोकिळा ओरडत नाही हे शिकागोतसुद्धा लोकांना ठाऊक असतं. आणि आम्ही गावकरी, फरचे कोट घालून, घामाने निथळत, थंडीने कुडकुडतो.

दरबार आमचाच. मी अर्थमंत्री. औषधाच्या दुकानातला मिर्चा बिशप झाला, कारण खऱ्या पाद्रीबुवांनी नकार दिला. पण ते रोज येऊन मिर्चा हाताने क्रूसाची खूण नीट करतो की नाही ते बघून जायचे. आणि राजा म्हणजे तिबेरिउ, आमचे निवृत्त स्टेशनमास्तर. उंच, पाठ ताठ, मिशा अशा की त्यांच्याकडे बघून उशिरा आलेली गाडीसुद्धा वरमायची. जितके सिनेमे झाले तितक्यांत मास्तर राजे होते, आणि एकाही सिनेमात त्यांना तोंड उघडायचं नव्हतं. बोलणाऱ्या राजाला जास्त मेहनताना द्यावा लागतो. म्हणून आमच्याकडच्या चित्रपटांतले राजे एकतर मेलेले असतात, नाहीतर विचारात पडलेले.

मास्तरांना ते मानवायचं. सिनेमाबाहेरही त्यांचं असंच होतं.

स्टेशनसमोर व्हेतुरियाबाईंची खाणावळ आहे. बाई विधवा, हाताला चव, जिभेला धार. सहा वर्षं मास्तर रोज दुपारी तिथे जेवायला जात होते, खिडकीजवळ बसत होते, आणि ‘आज ऊन आहे’ किंवा ‘आज ऊन नाही’ यांपैकी जे लागू असेल ते बोलून घरी येत होते. मास्तरांच्या मनात काय आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. आणि यंदा अडचण आली ती अशी की बाईंनी खाणावळ भाड्याने द्यायचं ठरवलं. मुलगी सिमिना इटलीत, बेर्गामोला, तिची दोन लेकरं सांभाळायला बाई कायमच्या निघाल्या. शनिवारची बस. आणि शुक्रवारी आमचं, म्हणजे सेल्डोनियाचं, शाही लग्न.

शुक्रवारी सकाळी कपडेपटाच्या तंबूत मी मास्तरांना गाठलं. ते मुकुट सरळ करत होते.

“विचारलंत?”

“काय?”

“मास्तर, मला कशाला वेड्यात काढता?”

“काल गेलो होतो,” ते म्हणाले. “त्या कांदा चिरत होत्या.”

“मग?”

“मग काय? कांदा चिरणाऱ्या बाईला असलं काही विचारायचं, आणि ती रडायला लागली तर कशाने रडतेय ते कळणार कसं?”

“अहो, उद्या बस आहे!”

“सकाळी साडेसहाला,” मास्तर म्हणाले. “पण ती वेळेवर सुटत नाही.” माणूस कशाकशावर आशा ठेवून जगतो!

दुपारी घोटाळा झाला. कागदी बर्फ नाकात जाऊन नवरी झालेल्या नटीचं तोंड सुजलं. डोळे दिसेनात. दिग्दर्शक डगसाहेब डोकं धरून बसले. आमची लाविनिया, जी त्यांचं इंग्रजी आम्हाला आणि आमच्या शिव्या त्यांना गाळून सांगते, ती म्हणाली, “लांबून घ्यायचं आहे ना? तोंडावर जाळी आहे. तिच्या उंचीची कुणीही चालेल.” तिच्या उंचीची गावात एकच बाई होती, आणि ती त्या वेळी तंबूत कलाकारांना जेवण वाढत होती. व्हेतुरियाबाईंनी आधी नाही म्हटलं. मग तो झगा बघितला आणि नुसतं हात पुसायला म्हणून आत गेल्या. पाठीमागे कपडे वाळत घालायचे चिमटे लावून तो त्यांच्या अंगावर बसवला. तंबूतल्या आम्हा चौघापाचांखेरीज कुणाला पत्ता नव्हता.

मग डगसाहेबांनी कर्णा हातात घेतला, आणि जे व्हायचं ते त्या कर्ण्यामुळे झालं. लाविनियाने सांगितलं, “साहेब म्हणतात, तुम्ही फार अवघडून उभे राहता. आपल्या घरच्या लग्नात वागता तसं वागा. अगदी खरं लग्न समजा!”

हे आमच्या गावाला सांगायला नको होतं.

बँड सुरू झाला. बिशप मिर्चाने आशीर्वाद दिला. दोनशे माणसं नाचायला लागली. आणि नाच रंगात आल्यावर घरच्या लग्नात होतं तेच झालं: गाव्रिल खाटिक आणि त्याचे दोघे भाऊ गर्दीतून घुसले, त्यांनी नवरी उचलली, शाही बग्गीत घातली आणि पळवली. बग्गी सिनेमाची असली तरी घोडे गाव्रिलचे होते. बग्गी खंदकावरच्या पुलावरून खडखडत गेली, मागे कागदाचं बर्फ उडालं, आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवायला लागलो. लग्नात नवरी पळवली गेली नाही तर तिच्यात काही खोट आहे की काय असं लोक विचारतात.

“हे पटकथेत आहे?” डगसाहेबांनी विचारलं.

“नाही, पण लग्नात आहे,” लाविनिया म्हणाली. “आता नवऱ्याने जाऊन सोडवून आणायचं. बाटल्या द्यायच्या, नाहीतर पळवणारे सांगतील ते करायचं.”

“आणि नाही सोडवली तर?”

लाविनियाने हे भाषांतर करून आम्हाला विचारलंसुद्धा नाही. असला प्रश्न लोकांसमोर बोलायची तिला लाज वाटली.

नवरदेवाकडे, म्हणजे राजपुत्राकडे, माणूस पाठवला. राजपुत्र आपल्या गाडीत गारव्याला बसून काकडी खात होता. तो म्हणाला की त्याचं काम संपलं आहे, आणि ही नवरी त्याची नाही. दुसरं वाक्य आमच्या बायकांना कळलं, आणि त्या खवळल्या.

“ऐकलंत? भर मांडवातून पळवली आणि म्हणतो माझी नाही!”

“असल्या घरात पोरगी दिलीच का म्हणते मी!”

“बरं, नवऱ्याचा धर्मबाप कुठाय? तो सोडवेल.”

धर्मबाप, म्हणजे लग्नात नवऱ्यामागे उभा राहणारा वडीलधारा, नेमलेलाच नव्हता. पटकथा लिहिणाराला ते सुचलं नव्हतं. ज्या राजघराण्यात लग्नाला धर्मबाप नसतो ते किती दिवस टिकणार, असं मिर्चा बिशप म्हणाला आणि खरे पाद्रीबुवा पहिल्यांदाच त्याच्याशी सहमत झाले.

मग सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. नवरा येत नाही, धर्मबाप नाही. राहिला नवऱ्याचा बाप.

“महाराज,” मी म्हणालो, “हे तुमच्यावर आलं.”

“मी? मला संवाद नाहीत!”

“चला आता, मास्तर!” बायका ओरडल्या. “नाक कापाल काय सेल्डोनियाचं!”

मास्तर निघाले. मुकुट, लाल झगा, पदकं, आणि मागे अख्खा दरबार पायी घाट उतरत. त्यांच्या कानात सांगावं, झग्याच्या आत कोण आहे ते, असं मला दोनदा वाटलं. पण कळलं असतं तर ते तिथूनच जंगलात गेले असते. आमच्यामागे खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक माणूस धावत होता. डगसाहेबांनी त्याला एवढंच सांगितलं होतं की काय चाललंय ते कळत नाही, पण बंद करू नकोस.

गाव्रिलने बग्गी स्टेशनसमोर, खाणावळीपाशी उभी केली होती. पळवलेल्या नवरीला काहीतरी खायला घालावं लागतं, म्हणून. आम्ही पोचलो तेव्हा गाव्रिल कान चोळत उभा होता. नवरीने त्याला फुलांच्या गुच्छाने मारलं होतं, आणि ती बोलतही होती.

“ठेव खाली म्हटलं ना! म्हशीसारखं उचललंस! वर दोनशे माणसांचं जेवण उघडं पडलंय, माश्या बसताहेत!”

मास्तर जागच्या जागी थांबले. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. झग्यातून खाणावळीच्या चपला दिसत होत्या.

“व्हेतुरियाबाई?”

नवरीचा उगारलेला गुच्छ खाली आला.

गाव्रिलची पंचाईत झाली. त्याला अमेरिकन नटीवर अमेरिकन दारूच्या बाटल्या मिळवायच्या होत्या. पण तो मुळात चांगला माणूस आहे, आणि मास्तरांचं गुपित त्यालाही ठाऊक होतं. त्याने कमरेवर हात ठेवले.

“बाटल्या नकोत,” तो म्हणाला. “सोडवायला आलेल्याने गुडघ्यावर बसायचं आणि नवरीबद्दल मोठ्याने बोलायचं. शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे. नाहीतर नवरी आमची!”

मास्तर गुडघ्यावर बसले. पदकं खणखणली. स्टेशनवर उभी असलेली मालगाडीसुद्धा गप्प होती.

“व्हेतुरियाबाई,” मास्तर म्हणाले, “आज ऊन आहे.”

“हां!” गर्दीतून कुणीतरी म्हणालं. “पुढे?”

मास्तरांनी डोळे मिटले. “मी सहा वर्षं रोज तुमच्याकडे पोटाचं सूप पितो,” ते ओरडले. “गायीच्या पोटाचं. मला ते अजिबात आवडत नाही.”

“काय म्हणालात?” जाळीतून आलं.

“पहिल्या दिवशी तुम्ही ते माझ्यासमोर ठेवलंत आणि विचारलंत, आवडलं का. मी हो म्हणालो. मग तुम्ही रोज ठेवायला लागलात. वास आला की मला मळमळतं. तरी मी येतो.”

बायकांपैकी निम्म्या रडायला लागल्या. कॅमेरेवाल्याला भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण तोही नाक ओढत होता. एवढ्यात डगसाहेब जीपमधून उतरले, त्यांनी कॅमेऱ्यात डोकावून बघितलं आणि दोन्ही हात वर केले. लाविनिया म्हणाली, “साहेब म्हणतात, असा राजा त्यांनी जन्मात बघितला नाही. पुन्हा एकदा, डावीकडून.”

आयुष्यात जे एकदा बोलताना माणसाचा जीव गेला, ते त्याला पुन्हा बोलायला लावायचं, ही कला फक्त सिनेमावाल्यांकडे आहे. मास्तर पुन्हा बसले. या वेळी सूप झाल्यावर त्यांना धीर आला, आणि ते म्हणाले की लसूणही फार असतो.

“लसूण फार?” नवरी फिस्कारली. “सहा वर्षं वाट्या चाटून पुसून पाठवल्यात आणि आता दोनशे माणसांत लसूण काढता?”

“साहेब म्हणतात, नवरी थरथरते ती फार सुंदर,” लाविनिया म्हणाली. “आता जवळून, एकदाच.”

तिसऱ्यांदा मास्तर बसले तेव्हा त्यांनी सूपही सोडलं आणि लसूणही. आवाज चढवला नाही. पण ऐकू गेलं सगळ्यांना.

“व्हेतुरिया, जाऊ नकोस. आणि जायचंच असेल तर परत ये. परत येणार नसशील तर मला घेऊन जा. मला इटालियन येत नाही, पण मी तसाही बोलत नाही.”

बाईंनी तोंडावरची जाळी वर केली. “जाळी खाली!” असं डगसाहेब इंग्रजीत किंचाळले, कारण आतून शिकागोची मुलगी निघायला हवी होती आणि आमच्या खाणावळीची मालकीण निघाली होती, डोळे लाल, नाक लाल.

“याला सांग,” बाई लाविनियाला म्हणाल्या, “पुढचं त्याच्यासाठी नाहीये. बंद कर म्हणावं ते.”

लाविनियाने काय भाषांतर केलं कोण जाणे, पण कॅमेरा बंद झाला. बाईंनी झग्याच्या आतून, कुठूनसा, फोन काढला आणि मुलीला लावला.

“सिमिना? ऐक. उद्या येतेय, तिकीट वाया घालवणार नाही. पण राहायला नाही गं, महिनाभर, पोरांना बघायला. मग परत. आणि दोघं येतोय… कोण म्हणजे? राजा… अगं राजा म्हणजे खरा नव्हे, स्टेशनमास्तर… हो, तेच, मिशीवाले… तुला माहीत होतं? कधीपासून?” त्यांनी फोन छातीशी धरून आम्हा सगळ्यांकडे बघितलं. दरबाराने खाली बघितलं. “तुम्हा सगळ्यांना माहीत होतं? आणि एकाने तोंड उघडलं नाही?”

“आम्हाला संवाद नव्हते,” मी म्हणालो.

मास्तर अजून गुडघ्यावरच होते. नम्रतेने नव्हे, गुडघा उठायला तयार नव्हता. गाव्रिल आणि मी त्यांना दोन काखांत धरून उभं करायला लागलो.

“सिमिना विचारतेय,” बाई म्हणाल्या, “तुम्हाला जेवायला काय आवडतं?”

“काहीही चालेल,” मास्तर म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की आम्ही दोघांनी त्यांना मध्येच, अर्धवट उठलेल्या अवस्थेत, धरून ठेवलं.

“कोंबडी,” सेल्डोनियाचा राजा म्हणाला. “लसूण कमी.”