दिपालीचं पान

लग्नाआधी गेलेल्या पोरांचं आमच्याकडे पितृपक्षातल्या पंचमीला श्राद्ध घालतात, आणि पितर म्हणून त्याच वयाचं कुणीतरी जेवायला बोलावतात. दिपालीच्या पानावर बसायला तिची वर्गमैत्रीण योगिता आली, तेव्हा मनिषा पुरण वाटत होती. मनिषा म्हणजे माझी धाकटी जाऊ, दिपालीची आई. मी दारात उभी राहून मनातल्या मनात तणतणत होते, कारण दिपालीला पुरण अजिबात आवडत नव्हतं.

हे मला माहीत आणि तिच्या आईला माहीत नाही. यात मनिषाचा काय दोष? दसरा झाला की ती आणि तिचा नवरा भागवत मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून कोल्हापूरकडे ऊसतोडीला जायचे, ते पाडव्यानंतर परत. ते सहा महिने दिपाली माझी. पहिलीपासून. मला दोन्ही मुलगेच, त्यामुळे वेण्या घालायची हौस मी तिच्यावर फेडून घेतली. मला ती मोठी आई म्हणायची. कड्याच्या शाळेतून सायकलवर यायची, दप्तर भिरकावायची आणि चुलीपुढे बसून शाळेतल्या बाईंच्या नकला करायची. हसण्याच्या नादात माझ्या किती भाकरी करपल्या असतील.

मनिषा परत आली की पहिल्याच दिवशी लेकीसाठी पुरणपोळी. सहा महिने उसाच्या पाचटात काढलेली बाई, बोटांना चिरा पडलेल्या, पण ट्रंक उघडायच्या आधी डाळ शिजायला टाकायची. दिपाली तिच्या मांडीला मांडी लावून चार-चार पोळ्या खायची. मग हळूच माझ्या खोलीत येऊन डब्यातली तिखट चटणी चाटायची आणि म्हणायची, तिला सांगू नकोस हं. मी नाही सांगितलं. खरं बोलायचं तर मला बरंच वाटायचं. पोर आईची असली तरी गुपित माझ्याकडे होतं.

मग एका पौषात तिला ताप आला. डेंगू निघाला. तिसऱ्या दिवशी नगरला नेलं, चौथ्या दिवशी गेली. सोळा वर्षांची पोर. मनिषा आणि भागवत फडातून जीप करून आले, त्यांना फक्त तोंड बघायला मिळालं. त्याला आता पावणेदोन वर्षं झाली. एवढ्या दिवसांत मनिषानं मला एका शब्दानं विचारलं नाही, की पोरगी आजारात काय बोलली, कुणाचं नाव काढलं. मला वाटायचं, मनातून ही मलाच बोल लावत असणार. मग मीही फटकून वागायला लागले. नळाचं पाणी म्हणू नका, दळण म्हणू नका, भांडायला मला काहीही पुरायचं.

योगिता पाटावर बसली. मनिषानं तिला कुंकू लावलं, पान वाढलं. वडे, कढी, गवारीची भाजी, खीर आणि मधोमध तुपानं भिजलेली पोळी. योगितानं ती पोळी संपवली. तिच्या प्रत्येक घासाकडे मनिषा अशी बघत होती, की मला बघवेना. दुसरी पोळी वाढताना ती म्हणाली, "पोटभर खा माय. तिला लई आवडायची."

योगिताचा हात पानावरच थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. वर्षानुवर्षं दोघींनी एकमेकींचे डबे खाल्लेले, तिला सगळं ठाऊक होतं. सकाळीच मी तिला बजावलं होतं, वाढतील ते गुमान खायचं. पण आता माझंच अवसान गळालं. एवढ्या दिवसांनी पोर जेवायला आली, आणि तिच्या पानात तिला नको तेच वाढून पाठवायचं?

"मनिषा, तिला गोड आवडत न्हवतं," मी म्हणाले. "तुज्यासाठी खायची ती."

मनिषा तुपाची वाटी हातात धरून माझ्याकडे वळली. आता ही माझ्या अंगावर येणार असं वाटलं, आणि यावं असंही वाटलं. पण तिनं विचारलं, "मग काय आवडायचं?"

"हुलग्याचे शेंगोळे."

पिठाचे वळून भरपूर लसूण घालून केलेले, रश्शातले, तिखटजाळ. आमच्याकडे ते थंडीत होतात, म्हणजे मनिषा घरी नसताना. आणि मग इतके दिवस गिळून बसले होते ते बाहेर पडलं.

"तापात दोनदा मागितले तिनं. म्या दिले न्हाई. म्हनलं, बरी हो, मग करते."

एवढं सांगून मी पदर तोंडाला लावला. माझं रडणं थांबेना. योगिताही रडायला लागली. मनिषानं वाटी खाली ठेवली आणि सरकत माझ्याजवळ आली. तिचा खरखरीत हात माझ्या पाठीवर होता.

"तापात हुलगा उष्ण पडतो, अक्का," ती म्हणाली. "म्या असते तरी न्हाईच दिले असते."

बाहेरच्या ओट्यावरून भागवत म्हणाला, पितराच्या सैपाकात लसूण चालत नाही. मनिषानं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. योगिताला तिनं पानावरून उठू नकोस म्हणून सांगितलं, माझ्या डब्यातलं हुलग्याचं पीठ परातीत काढलं आणि मला विचारलं, किती घट्ट मळायचं.