समोरच्या दाराचं सेवाशुल्क

तिकीट हजाराचं, मोजावे लागले अकराशे ऐंशी! वरच्या एकशे ऐंशीला कंपनीनं नाव दिलं होतं ‘सेवाशुल्क’. सेवा कसली, तर नाक्यावर दुकान असलेल्या चष्मेवाल्यानं स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या बोटानं, स्वतःच खुर्च्या निवडल्या होत्या. ही लूट दिसायला चष्मा लागत नव्हता.

त्यात बायकोचा घोटा मोडला. उद्याच्या गाण्याच्या मैफलीला तिला जाणं शक्य नव्हतं. चष्मेवाल्यानं तिचं तिकीट त्याच कंपनीच्या ॲपवर परत विकायला टाकलं, तर तिथंही दीडशे कापून हातावर साडेआठशे टेकवणार!

“चोर लेकाचे! विकताना खातात, परत विकतानाही खातात!”

प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून बायको त्याच्या शर्टाचं बटण लावत होती. “आणि घेणाऱ्याला कितीला दाखवतायत, माहितीये?”

“मला काय करायचंय?”

“साडेबाराशेला. समोरच्या बाई सकाळी सांगत होत्या.”

समोरच्या बाई म्हणजे गाणं शिकवणाऱ्या. जिन्यातल्या चपलांच्या कपाटावरून आठ महिने त्यांचं नि चष्मेवाल्याचं बोलणं बंद होतं. त्या दिसल्या की हा कुलपाशी उगाच खटपट करी. त्याही काही कमी नव्हत्या.

“त्यांची विद्यार्थिनी उद्या पहिल्यांदा एवढ्या मोठ्या रंगमंचावर गातेय,” बायको म्हणाली. “दहा वर्षं शिकवलंय तिला. तिचे दोन पास आईवडिलांना गेले. ॲपवर एकच तिकीट उरलंय, आपलं. बाईंकडे हजार आहेत, वरचे अडीचशे नाहीत. घरीच बसणार म्हणाल्या.”

“मग तू सांगितलं नाहीस, तिकीट आपलं आहे म्हणून?”

“ते तुम्ही सांगायचं.”

चष्मेवाला पुटपुटला, “कंपनीच हरामखोर.”

“आहेच हो! पण आपल्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत चार पावलं. तेवढ्याचे ते दोघांकडून मिळून चारशे घेतायत. कशाचे? तुम्ही बोलत नाही, त्याचे! तुमच्या ताठ्यावर चैन चाललीय त्यांची!”

घाव वर्मी बसला. लोकांना जवळचं नि लांबचं दाखवण्यात जन्म गेला, आणि समोरचं दार तेवढं दिसलं नाही!

तिकीट मागं घ्यायला गेला, तर तिथंही ‘माघार शुल्क, पन्नास’! “घ्या मेल्यांनो, तेवढंही गिळा!” म्हणत त्यानं बटण दाबलं आणि जाऊन समोरची बेल वाजवली. बाईंनी दार अर्धंच उघडलं.

“बाई, उद्याचं तिकीट आहे माझ्याकडे. हजारालाच, वर काही नाही. पण...” त्यानं घसा खाकरला, “दोन्ही तिकिटं माझ्याच फोनवर आहेत. माझ्याबरोबर यावं लागेल. तीन तास शेजारी बसावंही लागेल.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग चपलांच्या कपाटाकडे. त्यांचे डोळे भरून आले होते.

“कितीला निघायचं?” त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी कपाट हातभर सरकलेलं होतं. कुणी सरकवलं, ते दोघांपैकी कुणीच कबूल केलं नाही.

मंडळी, या कंपन्यांना शिव्या जरूर घाला, त्यांची तीच लायकी आहे. तक्रारीही करा. पण शिव्या देत देत तिकीट पुन्हा त्यांच्याच घशात घालू नका. आधी शेजारी विचारा, ओळखीत विचारा, आणि आहे त्या किमतीला हातोहात देऊन टाका. आपण एकमेकांशी बोलणं टाकलं की मधला त्याचे पैसे लावतो. बोललो, तर त्याला काही मिळत नाही. बोलण्यावर सेवाशुल्क लावायची अक्कल अजून कुठल्याच कंपनीला सुचलेली नाही!