पिवळ्याचा चहा, माझं पाणी

मित्रांनो, मी एक जुना, कान तुटलेला कप आहे. ‘जुना’ मी स्वतःला म्हटलं तर चालतं. दुसऱ्या कुणी म्हटलं की मला मिरच्या झोंबतात. त्यातून टेबलावरच्या त्या पिवळ्या कपाने म्हटलेलं तर मुळीच खपत नाही. तो बोलत नाही, हे खरं आहे. पण त्याच्या नुसत्या उभं राहण्यात ते असतं.

माझा जन्म भट्टीतला. पांढरी चिनी माती साच्यात ओतली, वाळवली, भाजली आणि माझ्या काठाखाली एका बाईने ब्रशने बारीक निळी रेघ ओढली. म्हणजे ब्रशशी माझं नातं जन्मापासूनचं आहे. ताईच्या आईने मला भावंडांसकट दुकानातून घरी नेलं. बाकीचे सगळे एकेक करून फुटले, मी टिकलो. ताईचं लग्न झालं तेव्हा तिच्याकडे नव्याकोऱ्या कपबश्या होत्या, तरी तिने मला साडीच्या घडीत गुंडाळून बरोबर आणलं. म्हणजे मी माहेरचा. मी तिला ताई म्हणतो ते उगाच नाही आणि तिच्या नवऱ्याला भावोजी म्हणतो तेही उगाच नाही.

आता ताईचं काम सांगतो. मुलांचं एक साप्ताहिक निघतं. त्यातली चित्रं दुसरे लोक काळ्या रेघांनी काढतात आणि त्या रेघांच्या आत रंग भरायचं काम ताईचं असतं. हत्तीचा राखाडी रंग तिचा, दुकानदाराच्या नाकावरचा लालसरपणा तिचा. खरं तर ती व्यंगचित्रकार व्हायला निघाली होती. कोपऱ्यातली दोनचार चित्रं तिची छापूनही आली होती. पण पोटासाठी रंग भरायला बसली आणि तिथेच रमली, की अडकली म्हणा. चित्राखाली चित्रकाराचं नाव येतं. रंग कुणी भरला, हे विचारायला कोण जातंय?

त्या काळात तिचा सकाळचा चहा माझ्यातून व्हायचा. डोळे अजून अर्धे मिटलेले, दोन्ही हात माझ्या पोटाभोवती आणि पहिल्या घोटाला तिचा तो ‘हं...’ असा आवाज. मित्रांनो, ते माझे राजाचे दिवस होते. मला वाटायचं, हे असंच चालणार.

भावोजी घड्याळं दुरुस्त करतात. मुंगीएवढा स्क्रूसुद्धा त्यांच्या हातून कधी पडत नाही, असं सगळे म्हणतात. पण भांडी घासताना ते गाणं म्हणतात आणि तान घेताना त्यांचा हात हलतो. एका सकाळी मी नळावर आपटलो. कान गेला. राहिले फक्त दोन खुंट, एक वर आणि एक खाली. भावोजींनी ताईची माफी मागितली, अगदी कान पकडून. माझी कुणी मागितली नाही, आणि मला पकडायला कान उरला नव्हता.

ताईने मला टाकून दिलं नाही. तिने मला स्वयंपाकघरातून उचललं आणि रंगाच्या टेबलावर नेऊन ठेवलं, ब्रश धुवायच्या पाण्यासाठी. मनाची समजूत घालायला मी म्हटलं, ही बढतीच आहे. आणि कामही मी मन लावून केलं. आभाळ भरून झालं की ते माझ्यात उतरायचं, मग गवत, मग चिखल. दिवसाकाठी मी कितीदा तरी मळायचो आणि धुतला जायचो. तिचा प्रत्येक ब्रश माझ्याकडे यायचा. तिच्या ओठांपासून लांब झालो तरी हातापासून लांब झालो नाही, एवढ्यावर मी समाधानी होतो. निदान तसं मी दाखवत होतो.

मग साप्ताहिकाच्या शेवटच्या पानाची गोष्ट निघाली. त्या पानावर एक म्हातारे चित्रकार वर्षानुवर्षं चित्रपट्टी काढत होते. त्यांचे डोळे थकले आणि त्यांनी काम सोडलं. ताईने धीर करून आपली चित्रं संपादकबाईंना दाखवायला नेली. घरी आली ती थेट रंगाच्या टेबलाशी. मला दोनदा विसळलं, तिसऱ्यांदा विसळायला घेतलं, तेव्हा भावोजींनी विचारलं, काय झालं.

“त्या म्हणाल्या, हात सफाईदार आहे, पण ही माणसं तुमची नाहीत, उसनी आहेत.”

खरंच होतं ते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या रेघांच्या आत राहून तिचा हात त्यांच्यासारखाच वळायला लागला होता. दुकानदार काढला की तो त्या म्हाताऱ्या चित्रकारांचाच दुकानदार व्हायचा. संपादकबाईंनी तिला सांगितलं होतं, रोज काढा, समोर बघून काढा, शाळा उघडेपर्यंत ते पान मी राखून ठेवते. त्यानंतर ते दुसऱ्याला जाणार होतं. मागणारा दारात उभाच होता.

ताईने मोठ्या उत्साहाने जाड कागदाची महागडी वही आणली. पहिल्या पानावर सुंदर झाड आलं. दुसऱ्यावर बरं. तिसऱ्या दिवशी पाहुणे आले, चौथ्या दिवशी डोकं दुखलं आणि वही कपाटात गेली. काही दिवसांनी दुसरी वही आणली, तिचीही तीच गत. चांगल्या कागदाची तिला भीतीच वाटायची. एवढं पांढरंशुभ्र पान आपण खराब करणार, असं तिच्या तोंडावर दिसायचं. मला त्या वह्यांचं काही वाटलं नाही. येत होत्या आणि जात होत्या.

आणि मग नणंद आली. ताईची नणंद शाळेत मुलींना धावायला शिकवते. येताना तिने भेट आणली. मोठा, पिवळाधमक, जाड गोल कानाचा कप. चार बोटं आरामात जातील असा तो कान! मी माहेरचा आणि हा सासरकडचा. पहिल्याच दिवशी तो माझ्या डोळ्यांत खुपला.

ताईने वह्यांची रडकथा सांगितल्यावर नणंद हसली. मैदानावर नव्या आलेल्या मुलींना ती काय सांगते, तेच तिने ताईला सांगितलं.

“वहिनी, चांगलं काढू नकोस. नुसतं काढ. सकाळचा चहा संपेपर्यंत काढायचं आणि चहा संपला की उठायचं.”

झालं! दुसऱ्या दिवसापासून पिवळ्याला राज्याभिषेक. ताई सकाळी त्याच्यात चहा ओतायची, साप्ताहिकाचे रद्दी झालेले पाठकोरे कागद पुढ्यात घ्यायची आणि पेनाने काढायला लागायची. पेन्सिल नाही, खोडणं नाही, रंग नाही. रंग नाही म्हणजे पाणी नाही, आणि पाणी नाही म्हणजे मी नाही. मी खिडकीच्या कट्ट्यावर पालथा पडलेला असायचो आणि तिकडे तो वाफा सोडत मिरवायचा. चहा संपला, ताई उठली, पाठकोरा कागद खोक्यात गेला, की मग मला सरळ करायची आणि रोजच्या कामाला बसायची. म्हणजे पोटापाण्याचं काम माझ्या गळ्यात आणि जिवाभावाचं त्याच्या!

आणि पहिलं चित्र तिने कुणाचं काढलं असेल? पिवळ्याचं. दुसऱ्या दिवशीही त्याचंच. मग डावीकडून तो, उजवीकडून तो, वरून तो. पुढे इतरांची पाळी आली. किल्ल्यांचा जुडगा, टांगलेलं फडकं, बिस्किटाचा चुरगळलेला कागद, समोरच्या गॅलरीत कपडे झटकणारी शेजारीण, डोळ्याला भिंग लावून बसलेले भावोजी. भावोजींच्या चपला काढल्या, मित्रांनो. चपला! आणि मी तिथून हातभर अंतरावर होतो.

मी त्याला अगदी पाण्यात पाहायचो. भावोजी भांडी घासायला उभे राहिले आणि गाणं सुरू झालं, की मी कान नसताना कान टवकारायचो. आता तान येईल, आता हात हलेल, आता त्याचाही कान जाईल. पण भावोजी आता शहाणे झाले होते. पिवळा हातात आला की गाणं बंद करायचे. माझ्या वेळी कुठे गेला होता हा शहाणपणा?

एक गोष्ट मात्र मला नाइलाजाने दिसत होती. आधी आधी कागदावरचे भावोजी त्या म्हाताऱ्या चित्रकारांच्या दुकानदारासारखे दिसायचे. हळूहळू ते भावोजींसारखे दिसायला लागले. मान तशीच वाकडी, ओठ तसेच आत ओढलेले. एकदा नुसती चपलांची जोडी बघून भावोजी म्हणाले की मी कसा चालतो ते कळतंय यात. ताई त्या दिवशी रंग भरताना गुणगुणत होती आणि मी आतल्या आत जळत होतो.

मग साप्ताहिकाचा सुट्टीचा जाडजूड अंक आला. रंगाचं काम ढिगाने येऊन पडलं. ताई उठल्या उठल्या ब्रश घ्यायची आणि सकाळचं चित्र बंद पडलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पिवळा फडताळात आणि मी टेबलाच्या मधोमध. पण ताई चिडचिडी झाली. चहा उभ्या उभ्या ढोसायची. शाळा उघडायला थोडेच दिवस उरले होते. एका संध्याकाळी ती ब्रश ठेवून म्हणाली, “नाही जमायचं मला. ते पान घेऊ दे त्या दुसऱ्यालाच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजींनी स्वतः चहा केला, पिवळ्यात ओतला आणि टेबलावर आणून ठेवला. टेबलावर आदल्या दिवशीचं काम तसंच पसरलेलं होतं. मधोमध मी, आभाळाच्या निळ्या पाण्याने भरलेला. पिवळा आणि मी एकमेकांना लागून उभे राहिलो ते त्या दिवशी पहिल्यांदा.

चहा ठेवून भावोजी शेजारी आपलं घड्याळ उघडून बसले, आणि त्यांच्या हातून स्क्रू पडला. मुंगीएवढा स्क्रू! ते डोळ्याला भिंग लावून जमिनीवर रांगायला लागले. डोकं टेबलाखाली आणि बाकीचे सगळे भावोजी बाहेर, वर. ताईने पाहिलं, तिला हसू आलं आणि तिचा हात आपोआप पेनाकडे गेला. एक पाठकोरा भरला. मग दुसरा. भावोजी खुर्चीखाली गेले, तिसरा भरला. भावोजींनी गालिचा उलटला, चौथा भरला. ती ना चहाकडे बघत होती, ना घड्याळाकडे, ना माझ्याकडे. पिवळ्याच्या चहावर साय धरली. मला त्याची दया आली असं मी म्हणणार नाही.

पेन चालू ठेवून तिने डावा हात लांबवला. त्या हाताला कान सापडला नाही, म्हणून त्याने पोटाशी धरलं आणि उचललं. मित्रांनो, त्याने मला उचललं! इतक्या वर्षांनी माझ्या काठाला ताईचे ओठ लागले. तिने चांगला मोठा घोट घेतला.

मग ती थू थू करत उठली. जीभ निळी, ओठ निळे, हनुवटीवर आभाळाचा ओघळ. भावोजी टेबलाखालून बाहेर येताना डोकं आपटून घेऊन आले. तिचं तोंड बघून त्यांना हसू आवरेना. मला वाटलं, आता माझी रवानगी कचऱ्याच्या डब्यात होणार. ताईने ओठ पुसले आणि मला डोळ्यांसमोर धरलं. एवढं निरखून तिने माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. तिने मला हळूहळू फिरवलं आणि तुटक्या कानाची बाजू एका कडेला आली, तेव्हा ती थांबली. वरचा खुंट म्हणजे फेंदारलेलं नाक, खालचा खुंट म्हणजे पुढे काढलेला ओठ.

“अहो, बघा ना,” ती म्हणाली, “हा तर तोंड फुगवून बसलाय.”

भावोजींनी निरखून पाहिलं. “कान मी तोडला त्याचा,” ते म्हणाले. “रुसणारच तो.”

ताईने लगेच कागद ओढला. मला आशा होती की चित्रात तरी माझा कान परत येईल. तो आला नाही. दोन खुंट आले, जसे आहेत तसे. आतली रंगांची वलयं आली, काठावरचा टवका आला, अर्धी पुसलेली निळी रेघ आली. वर फक्त एक रागीट भुवई तिने पदरची घातली. मागे पिवळा वाफा सोडत होता आणि मी त्याच्याकडे तिरकं बघत होतो. सगळं उघड्यावर आलं, मित्रांनो. मी इतके दिवस लपवलेलं सगळं.

ताई ते चित्र संपादकबाईंकडे घेऊन गेली. घरी आल्यावर तिने भावोजींना काय सांगितलं, ते मी शब्दाशब्दाने ऐकलं. संपादकबाई बराच वेळ चित्र बघत बसल्या, खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, “हा तुमचा आहे.” ते पान ताईला मिळालं. तेव्हा पिवळाही तिथेच होता, त्यानेही ऐकलं, हे फार बरं झालं.

आता शेवटच्या पानावर दर आठवड्याला मी असतो आणि खाली ताईचं नाव असतं. पिवळाही असतो, पण मागे. ताई अजून रोज सकाळी चहा संपेपर्यंत काढते. पूर्वीपेक्षा पेन अधिक धीटपणे चालतं. तेवढा मान पिवळ्याचा आहे, हे मी एकदाच कबूल करतो, पुन्हा विचारू नका.

तुमच्या घरात असं कुणी कान तुटलेलं असेल तर ते फेकायच्या आधी एकदा फिरवून बघा. आणि रोज थोडं काढत जा. चहा पीत नसाल तर दूध संपेपर्यंत काढा. वाईट आलं तरी काढा, पण समोर बघून काढा. नाहीतर शेजारी कोण तोंड फुगवून बसलंय, ते तुम्हाला कधी कळायचंच नाही.

ताई आता पेला असो की कप, उचलण्याआधी नीट बघते. पण कधीकधी, काम मनासारखं झालं की ती मुद्दाम चुकल्यासारखं करते. मला पोटाशी धरून ओठांपर्यंत नेते, हसते आणि परत खाली ठेवते. पिवळ्याला ते अजिबात बघवत नाही.