शिर्क्यांची दाढी

बडोद्यातल्या शिर्क्यांच्या घरात मुलाला मिसरूड फुटलं की दाढी राखायचीच, असा शिरस्ता होता. पणजोबा सरकारच्या पागेत होते, त्यांची दाढी छातीवर रुळे. समरजितच्या वडिलांनी, धनाजीरावांनी, जन्मभर पतपेढीत कारकुनी केली, पण दाढी अशी की माणूस आत्ता घोड्यावर मांड ठोकेल. पाहुणे भिंतीवरचे फोटो बघून म्हणत, वा, काय खानदानी रुबाब. शिर्के मान डोलवत. कसला रुबाब आणि कसलं काय. सगळ्या शिर्क्यांचा खालचा जबडा फावड्यासारखा पुढे आलेला, आणि दाढी म्हणजे त्यावरचं पांघरूण. बाप मुलाला हे सांगत नसे. मुलाला ते आरशात कळायचं.

समरजितला शाळेत ‘पावडो’ म्हणत, म्हणजे गुजरातीत फावडं. दाढी आली आणि पावडो गेला. धनाजीराव वारले तेव्हा क्षौर करावं लागलं. केस परत उगवेपर्यंत तो घराबाहेर पडला नाही, आणि लोकांना वाटलं, पोरानं बापाचं फारच मनाला लावून घेतलं. पुढच्या वर्षी लग्न झालं तेव्हा दाढी जागेवर होती. नंदेसरीच्या कारखान्यात त्याला प्लँटवर बढती मिळत होती, पण तिथं विषारी वायूचा मास्क लावायचा तर गाल गुळगुळीत लागतात. त्यानं बढती नाकारली आणि गोदामातच राहिला. बायकोला, स्नेहलला, सांगितलं की तिकडच्या साहेबाशी पटत नाही. जेवताना तो पोळीचे बारीक तुकडे करून मागच्या दातांनी सावकाश चावायचा. स्नेहल माहेरी कौतुकानं सांगायची, यांच्या घरी जेवायची रीतच निराळी. भिंतीवर त्याच्या शालिनीआत्याचाही फोटो होता, ओठांवर पदर धरलेला. पत्रिका जुळली नाही म्हणून तिचं लग्न राहिलं, असं घरात सांगत.

आणि मग आली शर्वरी, त्याची एकुलती एक. दुधाचे दात पडून नवे आले ते खालची ओळ वरच्या ओळीच्या पुढे बसवूनच. आठव्या वर्षी तिला पुढच्या दातांनी पेरू, म्हणजे बडोद्याचं जामफळ, तोडता येत नव्हतं, ‘स’ म्हणताना हवा निसटायची. वर्गात तिचं नाव ‘चमची’ पडलं. एक दिवस ती तोंडावर हात धरून हसली. समरजितनं ते पाहिलं. तो हात त्याच्या चांगला ओळखीचा होता.

स्नेहलनं मनावर घेतलं आणि तिघं अलकापुरीतल्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर गुजराती, पण बडोद्यातच वाढलेले. मराठी बोलायचे ते आपल्या चालीनं. एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले, “जुओ बेन, वरचा जबडा मागे राहिला असेल, तर आत्ता ऑपरेशन करून त्याला पुढे आणता येईल. वय बराबर आहे. पण खालचाच वारशानं आलेला असेल, तर आत्ता हात लावून फायदो नाही. पोरगी वाढेल तसा तोही वाढणार. नुसत्या फोटोवरून पक्कं सांगता येत नाही. घरात कोणाचा असा आहे?”

“माझ्या माहेरी तर नाही,” स्नेहल म्हणाली. “तुमच्याकडे पण नाही ना, अहो?”

“नाही,” समरजित म्हणाला.

लाज वाटली का, तर तेव्हा नाही वाटली. पोरीची सुटका होत असेल तर तो देवाशीसुद्धा खोटं बोलला असता. डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवायला पुढच्या शनिवारी बोलावलं, आणि स्नेहल जिना उतरताना गुणगुणत होती.

घरात आठवडाभर सण होता म्हणा ना. स्नेहलनं माहेरी फोन केले. जामफळाच्या फोडी करता करता शर्वरीला म्हणाली, “पुढच्या वर्षी अख्खं खायचं हं, दातांनी तोडून.”

“दुखेल?” शर्वरीनं विचारलं.

“थोडं दुखेल.”

शर्वरीनं जरा विचार केला. “चालेल,” ती म्हणाली.

समरजित दारात उभा होता. त्या ‘चालेल’नं त्याचं काळीज फाटलं. पोर दुखणं सोसायला तयार झाली होती, आणि कशासाठी, तर बापाच्या एका ‘नाही’साठी. तिचं तोंड कापतील, ती निमूट सोसेल, आणि मग शिर्क्यांचं हाड आपल्या गतीनं येईलच. ते पणजोबांना चुकलं नव्हतं.

शनिवारी त्यानं मायलेकींना पुढे पाठवलं आणि स्वतः दांडिया बाजारातल्या न्हाव्याकडे गेला. “सगळी काढ,” म्हणाला. न्हाव्याचा हात थांबला. “कोण गुजरी गयुं, साहेब?” त्यानं हळूच विचारलं. समरजितनं डोळे मिटून घेतले.

दवाखान्यात तो समोर येऊन उभा राहिला तेव्हा स्नेहलनं आधी पाय आवरून वाट दिली. मग वर बघितलं. बघतच राहिली. एकदा त्याच्याकडे, एकदा शर्वरीकडे.

“तुम्ही नाही म्हणालात,” ती म्हणाली.

“वाटलं, नाही म्हटलं तर नसेल.”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं मांडीवरची पर्स नुसती घट्ट धरली.

डॉक्टरांना मोजमाप घ्यावंच लागलं नाही. त्यांनी बापाला खिडकीकडे तोंड करून बसवलं, एका बाजूनं पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. “मग आत्ता काही करायचं नाही. वाढ संपू दे, सतरा-अठराची होऊ दे. मग ऑपरेशन करू, तेही मोठं.”

“आणि तोपर्यंत?” स्नेहलनं विचारलं.

“तोपर्यंत वाढत राहील, बेन.”

ती वर्षं कशी जातात हे त्या खोलीत एकट्या समरजितला माहीत होतं. मधल्या सुट्टीत कुठं उभं राहायचं, गटाच्या फोटोत कुणाच्या मागं लपायचं, हे सगळं. सांगून उपयोग नव्हता. मोठं झाल्यावर सुटशील, असं त्याला कुणी म्हणालं असतं तरी पावडो म्हणणारे थोडेच गप्प बसले असते.

शर्वरी मात्र केव्हाची त्याच्याकडे टक लावून होती. जवळ आली आणि तिनं त्याच्या हनुवटीला बोट लावलं.

“पप्पा, तुमची पण माझ्यासारखीच आहे.” ती हसली, आणि तोंडावर हात न धरता. “दाढीत दिसायचीच नाही.”

“हो,” समरजित म्हणाला.

“मला केव्हा येणार?”

डॉक्टर टेबलावरचे कागद नीट करू लागले. शेवटी स्नेहलनंच सांगितलं, “मुलींना दाढी येत नाही, बाळा.”

शर्वरीचं हसू मावळलं.

खाली अॅक्टिव्हाजवळ ऊन रणरणत होतं. स्नेहलनं रोजच्यासारखी ओढणी तोंडाभोवती गुंडाळून मागं गाठ मारली. बडोद्यात गाडीवर बसणाऱ्या सगळ्याच पोरीबाळी तशी बांधतात. शर्वरीनं वर बघितलं.

“मम्मी, मला पण बांध.”

स्नेहलनं डिकीतला रुमाल काढला आणि तिच्या नाकावरून घेऊन घट्ट बांधला. नुसते डोळे उरले. समरजितनं गाडी सुरू केली आणि आरशात बघायचं टाळलं.

घर आलं. स्नेहलनं स्वतःची ओढणी सोडून खुंटीला अडकवली आणि लेकीच्या गाठीला हात घातला. शर्वरी मागं सरकली. शालिनीआत्याच्या फोटोखालच्या खुर्चीत जाऊन बसली, आणि जेवायला हाक मारली तरी तिनं रुमाल सोडला नाही.