लिनभाऊला दिलेला ताल

डोलवीच्या कंपनीत भट्टी बसवायला चिनी माणसं आली, तेव्हा त्यांचं जेवणखाण माझ्याकडे होतं. पाच जण होते. रविवारी माझ्या पडवीत टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसायचे आणि त्यांच्या गावाकडची जुनी गाणी वाजवायचे. गावातली माणसं ऐकायला जमली, तरी त्यांना यांची पाठच दिसायची. मी म्हटलं, हा काय मेला कार्यक्रम! मग कळलं, ते कुणाला ऐकवायला वाजवतच नव्हते. इतक्या लांब येऊन आपलं विसरू नये, म्हणून वाजवायचे.

काम संपत आलं तसा एकेक जण परत गेला. ताल धरणारा गेला आणि मागे राहिला एकटा लिनभाऊ. दोन तारांचं, सारंगीसारखं वाद्य मांडीवर घेऊन नुसताच बसून राहायचा. मला नाय बघवलं. ताल धरणाऱ्याने मागे ठेवलेल्या लाकडी पट्ट्या मीच उचलल्या. भजनात हयात गेली माझी, तरी पहिल्यांदा अशी धावत सुटले की तो हसायलाच लागला. "ताई, धीरे, धीरे." शिकले बाबा. शेजारची रंभा म्हणायची, "गिरजे, तू चिनी झालीस गो!" झाले तर झाले. घरात बोलायला दुसरं होतं कोण?

मग लिनभाऊही गेला. तिकडे त्याचे सोबती कामाधंद्याला पांगलेले, ताल द्यायला कुणीच नाय. म्हणून रविवारी त्याने मला व्हिडिओवाला फोन लावला. मी पट्ट्या घेतल्या, त्याने सुरुवात केली. पण आवाज पोचायला उशीर व्हायचा. तो माझ्यासाठी थांबायचा, मी त्याच्यासाठी. थांबता थांबता गाणंच बंद पडलं. त्याने वाद्य खाली ठेवलं आणि डोळे पुसले. म्हटलं, संपलं आता याचं वाजवणं.

आठवडाभर डोक्यात तेच. भाकऱ्या थापताना एकदम उजेड पडला. अगं बये, मी त्याला ऐकते म्हणून तर थांबते!

पुढच्या रविवारी फोन आला तसा त्याचा आवाज मी पार बंद केला. नुसता ताल धरला, कुणासाठी न थांबता. तिकडे तो माझ्या तालावर वाजवत गेला, वाजवतच गेला. शेवटी हात जोडून पोटभर हसला.

तेव्हापासून दर रविवारी असंच चालतं. रंभा विचारते, "काय गो, अजून तसाच गोड वाजवतो?"

मी म्हणते, "व्हय तर." काय सांगू तिला? फोनवर त्याचा हात नुसता हलताना दिसतो. एकदा तरी आवाज सुरू करावा, असा जीव तुटतो माझा. पण मी ऐकलं तर त्याचं गाणं थांबेल.