वारा काढणारं नाणं

मी नाणं आहे खरं, पण माझ्या बदल्यात आता कुणी मीठसुद्धा देत नाही. मी जुन्या राजवटीतला, जाड तांब्याचा. जावा बेटावरच्या कुडुस गावातल्या बू सुलास्त्रींच्या, म्हणजे सुलास्त्रीबाईंच्या घरी मी एकाच कामाला उरलो होतो. कुणाला कणकण आली, डोकं जड झालं, की अंगात वारा शिरला म्हणायचं, पाठीला तेल चोळायचं आणि माझ्या कडेनं खरवडून लाल रेघा काढायच्या. रेघ जितकी लाल, तितका वारा जास्त, असा आमच्याकडचा हिशेब.

त्यांची मुलगी विदुरी बॅडमिंटनच्या राष्ट्रीय शिबिरात होती. तिची पाठ मी लहानपणापासून ओळखतो. हुशार पोर! समोरचीनं हात उचलायच्या आत शटल कुठं पडणार हे हिला कळलेलं असायचं.

त्या वर्षी मात्र ती सुटीवर आली ती मलूल होऊन. "आई, अंग मोडून येतं गं. आणि डोक्यात नुसता कापूस भरलाय. गुणसुद्धा लक्षात राहत नाहीत."

"वारा आहे, दुसरं काय! पालथी हो."

"शिबिराच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलंय."

"तपासून घे की मग. संघात निवड होऊ दे आधी. आत्ताच आजारी म्हणून नाव लागलं तर बसवतील घरी."

पाठ जांभळी झाली. "बघ, केवढा वारा होता!" बू म्हणाल्या. विदुरीला ऊब वाटली, झोप लागली. मलाही वाटलं, आपण पोरीला बरं केलं. केवढी माझी घमेंड! दोन महिने, ती सुटीवर आली की हेच चाललं. रक्त तपासायचं राहूनच गेलं.

निवडीच्या सामन्याला बू मला पाकिटात घालून घेऊन गेल्या. सकाळी कपडे बदलायच्या खोलीत पुन्हा एकदा मला फिरवलं. तिसऱ्या गेममध्ये अठरा-अठरा झाले, आणि विदुरी सर्व्हिसला चुकीच्या बाजूला उभी राहिली. पंचांनी सांगितलं तेव्हा ती कावरीबावरी झाली. शेवटचं शटल मागच्या रेषेवर आलं. मारू की सोडू, हे ठरेपर्यंत ते आत पडलं होतं.

प्रशिक्षक पाक सुगेंग, म्हणजे सुगेंग सर, सगळ्यांदेखत कडाडले, "हात-पाय शाबूत आहेत, पण काळीज टेंपेचं झालंय तुझं! दाबलं की चुरा!" टेंपे म्हणजे आमच्याकडची आंबवलेल्या सोयाबीनची वडी.

विदुरीनं रॅकेट पिशवीत घातली. महिन्याभरात तिनं खेळ सोडला.

मग एके दिवशी तिचा गाल सुजला. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी खालची दाढ काढली आणि रक्त तपासून घेतलं. म्हणाल्या, "मुळाशी पू साचलेला होता, कित्येक महिन्यांचा. अंगभर सूज धुमसत होती. अशा सुजेत डोकंही मंदावतं पोरी, चटकन ठरवता येत नाही. आणि तू त्यात सामने खेळलीस?"

बू भिंतीला टेकून खाली बसल्या. मी त्यांच्या पाकिटात होतो. त्यांच्या रडण्यानं पाकीट हलत होतं.

हे कळल्यावर पाक सुगेंग घरी आले. मान वर होईना त्यांची. "विदुरी, मी बोललो ते विसर. परत ये."

"जागा भरली, पाक. आणि तुम्ही बोललात म्हणून मी सोडलं नाही. मलाही ते खरं वाटलं, म्हणून सोडलं."

ते चहा न पिताच गेले.

आता सूज उतरली आहे. विदुरीचं डोकं पूर्वीसारखं लख्ख चालतं. त्यामुळे तो सामना तिला शटलन् शटल आठवतो.

बूंनी मला पुन्हा हातात घेतलं नाही. मी कपाटात पडून असतो. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याला फेकू नका, आईच्या हाताची ऊब खोटी नसते. पण मी फक्त कातडी लाल करतो हो, आतलं मला काही दिसत नाही. चांगली खेळणारी पोर गोंधळायला लागली, तर तिला भित्री म्हणण्याआधी एकदा जवळ बसवा आणि कुठं दुखतंय ते विचारा. आमच्या विदुरीला ते कुणीच विचारलं नाही.